गाठोड्यातले टोपडे

नेर,
२ फेब्रुवारी २०२५

श्री. अंकुरराव यांस,

नमस्कार. एरवी तुम्हाला चिरंजीव लिहितो. आज लिहवत नाही. इकडे सर्व ठीक. तूर घरी आली. समीक्षाची प्रकृती उत्तम असेल, असे गृहीत धरतो.

काल तुम्ही पुसदहून आलात, मी पाठवलेले बाळाच्या कपड्यांचे गाठोडे परत ओसरीवर ठेवलेत आणि चहाही न घेता निघालात. तुमच्या आईंचा निरोप मात्र त्यांच्याच शब्दांत दिलात, "मेलेल्या बाईच्या लुगड्याचं झबलं आमच्या लेकराले कायले?" शब्द त्यांचे होते, मान्य. ते उच्चारताना तुमची जीभ अडखळली नाही, हे मी पाहिले.

जन्माआधी नवे कापड आणू नये, घरातले जुने, धुऊन मऊ झालेले सुती द्यावे, असे आईंनीच मला बजावले होते. मी सूचना शब्दशः पाळली. या घरात तसे कापड एकच आहे, समीक्षाच्या आईची पातळे. ती गेल्यापासून मी ही पातळे कुणाला दिली नाहीत. निळे पातळ कापायला घेतले, तेव्हा शिवणारी मानीबाई म्हणाली, "आना इकडं भाऊ, कात्री माह्याजवळ द्या." मी कात्री दिली नाही.

कापडाला सुतक नसते, अंकुरराव.

समीक्षा बाळंतपणाला माहेरी येणार की नाही, हेही तुम्ही बोलला नाहीत. खोलीला चुना दिला आहे. न्हाणीत खडबडीत फरशी बसवली आहे. मानीबाई मुक्कामाला राहणार आहे. तेव्हा 'बाई नसलेले घर' हे कारण चालणार नाही.

आणखी एक. झबली, दुपटी सर्व आली; टोपडे आले नाही. परत करायचे तर पूर्ण करावे. टोपडे ताबडतोब पाठवावे.

इथवर लिहून गाठोडे बांधायला घेतले. दुपट्यांच्या घड्या समीक्षाच्या हातच्या आहेत, तिच्या आईसारख्या, कडा आत दुमडलेल्या. अशी घडी घालणारी मुलगी टोपडे विसरत नाही. ते पदराच्या कापडाचे होते. तिने ठेवून घेतले आहे, तुमच्या घरात, कुणालाही न सांगता.

ही गोष्ट मी तुम्हालाच कळवतो आहे. आईंपुढे बायकोची बाजू घ्यायची की पुन्हा निरोप्या व्हायचे, हे तुम्ही ठरवा.

टोपडे पाठवू नये. येत्या रविवारी समीक्षाला न्यायला येतो. ती सोबत आणील.

समीक्षाचा बाप आणि, तुम्ही माना न माना, तुमच्या लेकराचा आजा,
रामराव