पडवीतल्या गुरुजींस, हॉलंडहून

गुरुजी, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि तुमचा विद्यार्थी म्हातारपणी पुन्हा घोकंपट्टी करतो आहे. इथे, हॉलंडात, मुलाच्या घरी. तिसरीतली नात माझी डचची मास्तरीण. ‘मेइन’ म्हणजे माझं, ‘युली’ म्हणजे तुम्हा सगळ्यांचं, ‘ओन्स’ म्हणजे आपलं. ती वस्तू दाखवते, मी म्हणतो. माझा चष्मा, माझी खुर्ची, सगळं बरोबर येतं. मग ती दोन्ही हात पसरून घर दाखवते आणि माझ्या तोंडून निघतं, ‘युली हाउस’. तुमचं घर. “आजोबा, परत चुकलात. तुम्ही इथेच राहता ना?”

तेव्हा आमच्या कापडे गावातल्या घराची पडवी आठवते. साठ सालच्या आधीची गोष्ट. शाळेला खोली नव्हती, तुम्हाला बिऱ्हाड नव्हतं, म्हणून वडिलांनी पडवीचा कोपरा दिला. रात्री तुम्ही तिथे एकटेच कविता चालीवर म्हणता, हळू, आतल्यांची झोपमोड नको म्हणून. मला वाटायचं, गुरुजी किती सुखी. आई ताटात नाचणीची भाकरी वाढते आहे आणि तुम्ही म्हणता, “वहिनी, तुमची पडवी फार गार.” आई फणकारते, “आपली म्हना वो गुरुजी. येवढी वर्सं झाली. आपली म्हनलात तर काय ती उचलून द्यावी लागनार नाय आमाला.” तुम्ही हसलात. “म्हणेन हो, वहिनी.” पण बदली झाली त्या सकाळी स्वतःच्या हातांनी जमीन सारवलीत आणि म्हणालात, “तुमची पडवी होती तशी ठेवलीय.” एसटी गेल्यावर आई चुलीपाशी बसून राहिली. “परकाच राह्यला गो,” एवढंच काकूला म्हणाली.

गेल्या रविवारी मुलाने विचारलं, “बाबा, आता कायमचे इथेच राहा. महाडची तुमची खोली विकून टाकू का?” सांगतो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलेलं नाही, पण जेवताना माझ्याकडे बघतो. इथे मीही कविता म्हणतो, दार लावून, अगदी हळू.

काल नातीने परत हात पसरले आणि मी ‘ओन्स हाउस’ म्हटलं. तिने टाळ्या वाजवल्या, स्वयंपाकघरातून मुलगा बाहेर आला, त्याला वाटलं उत्तर मिळालं. हे पोस्टात पडणार नाही म्हणून तुम्हाला सांगतो, गुरुजी. परक्या भाषेत होतं, म्हणून म्हणता आलं. तिने मराठीत विचारलं असतं तर मी ‘तुमचं’च म्हटलं असतं.