मोजपट्टीचा जबाब

३ मार्च
मेट्रनची जागा मिळाली — आणि अडकलीसुद्धा! पोलीस तपासणीत सव्वीस वर्षांपूर्वीचं प्रकरण वर आलं. मॉर्फिनच्या एका ॲम्प्यूलची चोरी. मी तेव्हा शिकाऊ नर्स. कोर्टाने खटला काढून टाकला, पण नोंद राहिली ती राहिलीच. महिनाअखेर ती पुसून आणा, नाहीतर जागा दुसरीला.
मी ती घेतली नव्हती! किती वेळा सांगायचं?

५ मार्च
वकीलबाई म्हणाल्या, "नोंद पुसली की फाइलही नष्ट करतात." बरंच झालं. ब्याद टळेल.

८ मार्च
आज सारखा तो वॉर्ड आठवतोय. फिनेलचा वास, बारा खाटा, खिडकीत वाळणारे धुतलेले रबरी ग्लोव्हज. त्यांना पावडर लावता लावता आमच्या गप्पा रंगायच्या — आणि दारात मोजपट्टी उभी! वॉर्डच्या सिस्टरना आम्ही ठेवलेलं नाव. बाई सगळं मोजायच्या. चादरी, थर्मामीटर, आमचं हसणंसुद्धा. ॲम्प्यूल फुटली तर काचा ट्रेमध्ये ठेवून दाखवायच्या, दोघींनी सह्या करायच्या, मगच फेकायच्या. "फुटलं तर फुटलं. तुकडे दाखव!" एकदा मी चहाचा कप फोडला, तर त्याचेही तुकडे दाखवायला लावले. काय राग यायचा! आणि आज तेच दिवस परत हवेसे वाटतात. वेडेपणा, दुसरं काय.

९ मार्च
तेव्हा बाबा घरी अंथरुणाला खिळलेले. हाडांचा कॅन्सर. कण्हणं शेजारपाजारी ऐकू जायचं. त्यात त्या दिवशी औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. मग संशय कुणावर येणार? तक्रार मोजपट्टीनेच केली.

१४ मार्च
अर्ज दिला. फाइल एकदा बघायला मिळाली. माझा फोटो — दोन वेण्या, रडून सुजलेले डोळे. केवढीशी होते मी!
शेवटच्या पानावर सिस्टरचा दुसरा जबाब. तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी दिलेला. "ॲम्प्यूल माझ्याच हातून फुटली. काचा मी झाडून टाकल्या. नोंद करायला विसरले." त्यावरच कोर्टाने खटला काढून टाकला होता. मला एवढंच सांगितलं होतं — सुटलीस, घरी जा.
मोजपट्टी काचा झाडून टाकते? विसरते? मी तीनदा वाचलं.
त्यानंतर त्यांच्याकडून वॉर्ड काढून घेतला. निवृत्तीपर्यंत चादरींच्या कोठीत बसवलं. आम्ही खिदळलो होतो, "आता बस म्हणावं मोजत!" आठवून आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ मार्च
नोंद पुसली. जागा माझी. बाबा हवे होते.

२९ मार्च
सिस्टरना भेटून आले. एकट्याच असतात. हात थरथरतात, पण फडताळात कपबश्या अजून ओळीने.
"मेट्रन झालीस? छान."
मी ती ॲम्प्यूल घेतली नव्हती, हेच सांगायला गेले होते. शब्द ओठांवर आले, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुझ्या वडलांना तेव्हा झोप लागली का गं?"
सव्वीस वर्षं हाच प्रश्न उराशी धरून बसल्या होत्या.
"लागली, सिस्टर," मी म्हटलं. "शांत झोपले."