मॅडमना मराठी येत नव्हतं

तंजावर
२४ सप्टेंबर २००२

सौ. अक्काला वेणीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. भावोजींची शुगर आटोक्यात आली हे वाचून बरं वाटलं. तुझ्यासाठी कॉफीची पूड दळून आणली आहे आणि सुंडक्काय वत्तलही डब्यात भरून ठेवलंय, पुण्याला येणारं कोणी भेटलं की पाठवते. यंदा वत्तल छान कडक वाळलं, कारण पाऊसच नाही. कावेरीला पाणी नाही, त्यामुळे शेतं तशीच पडून आहेत. ओरत्तनाडूहून बसने येणारी आमची भुवना टीचर रोज तेच सांगते आणि मी रोज तेच ऐकते.

शाळेचं काय लिहू? पलीकडच्या रस्त्याला नवी इंग्लिश मीडियम शाळा निघाली आहे, पिवळी बस दारात येते, पोरं तिकडे चालली. गुडघे जिन्यावर कुरकुरतात. रिटायर होईपर्यंत ढकलायचं. माझ्या मराठीला तू पुण्यात बसून हसशील ते हस. अप्पांनी शिकवलं तेवढंच येतं.

तू विचारलंस, सुरेंद्र फोन का उचलत नाही. त्याचा कम्प्यूटर क्लास सध्या बंद आहे. त्याचं पुढे लिहिते.

आधी दुसरं सांगते. जूनमध्ये आम्हा मुख्याध्यापकांना कलेक्टर ऑफिसात बोलावलं होतं. मुलांवर घरीदारी अत्याचार होतात, त्यांना त्यापासून कसं जपायचं, याबद्दल सरकारच्या सूचना समजावून द्यायच्या होत्या. दिवसभर भाषणं, मध्ये बोंडा आणि कॉफी. शेजारी पापनाशमचे हेडमास्तर होते, ते जेवणानंतर चक्क घोरायला लागले. मीही फार जागी नव्हते. आपल्याकडे कुठे असलं होतं, असंच सगळ्यांच्या मनात होतं. सूचनांचा कागद आणून मी ऑफिसात पोलिओच्या पोस्टरशेजारी लावला आणि वेणीताईंचं कर्तव्य संपलं.

कागद तसा साधा आहे. मूल घरी जायला टाळत असेल तर लक्ष द्या. सांगायला लागलं तर ऐकून घ्या, पुन्हा पुन्हा वदवू नका. आपसात मिटवू नका, कळवा. आणि मुलाशी बोलताना घरचं कोणी जवळ बसवू नका. हे शेवटचं मला त्या वेळी जरा आगाऊपणाचं वाटलं होतं. घरच्यांशिवाय मुलाचं आहे कोण?

तू म्हणशील, वेणी आढेवेढे घेते आहे. घेते आहे खरी.

वेंकूबाईंची नात अखिला तुला आठवते ना? मागच्या वर्षी तू आलीस तेव्हा तिने तुला "नमस्कार करते" म्हणून दाखवलं होतं आणि मग तोंडाला जे कुलूप लावलं ते तू जाईपर्यंत. आईबाप मस्कतला, ही आजीकडे, आमच्याच शाळेत चौथीत. "अस्कं समजतं हो हिला, पण बोलते तमिळच," हे वेंकूबाईंचं कायमचं दुःख. आपल्या इथल्या सगळ्याच मराठी घरांत ते आहे म्हणा. म्हणून तर सुरेंद्र पुण्याहून आला, त्यांच्या माडीवर राहायला लागला, तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला. ती खोली मीच त्याला मिळवून दिली होती. पुण्याचं मराठी, किती गोड, किती शुद्ध, असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. संध्याकाळी स्वतः देवळात गेल्या की पोरीला वर पाठवायच्या, मराठी बोलायला शिकावं म्हणून. मलाही ते फार आवडलं होतं. आपल्या सुरेंद्रचं कौतुक ऐकून मी मिरवत होते.

ऑगस्टमध्ये अखिला शाळा सुटल्यावर घरी जाईना. पायरीवर बसून राहायची, आजी देवळातून परत आली असेल एवढा वेळ होईपर्यंत. भुवना एक दिवस तिच्याजवळ जाऊन बसली. तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी पोरीने सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. तू त्याची आई आहेस, आणि ती नऊ वर्षांची आहे.

हो अक्का, सुरेंद्रबद्दल.

भुवनाने मला सांगितलं तेव्हा मी तिलाच ओरडले. मग घरी गेले, भात लावला, आणि तो तसाच टाकून बसून राहिले. मला त्याचं बारसं आठवत होतं. सकाळी शाळेत आले आणि जिल्ह्याच्या ऑफिसला फोन केला. त्याचं नाव सांगितलं. माझा कोण लागतो ते सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. निदान त्याला तरी विचारायचं होतंस, असं तू म्हणशील. गेले असते तर तो पाया पडून रडला असता आणि मी विरघळले असते. मी स्वतःला ओळखते.

ऑफिसातून सरोजा मॅडम शाळेत आल्या. तरुण आहेत, मायाळू आहेत, इथल्याच, तमिळ. वेंकूबाईंनाही बोलावलं होतं. त्या आल्या त्या नातीला पोटाशी धरूनच बसल्या. मी मॅडमना म्हटलं, कागदात लिहिलंय, घरचं कोणी नको. मॅडम म्हणाल्या, "पाट्टी असू दे टीचर, पोरगी घाबरली आहे." त्यांना वाटलं, आजी आहे, धीर देईल.

वेंकूबाईंनी अखिलाची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला लागल्या. आणि घालता घालता, अंगाई म्हणावी अशा आवाजात, मराठीत बोलायला लागल्या.

"कण्णू, मॅडमला सांग, मी वरी गेलेच नाही. सांग, टीचरनी ओरडू नये म्हणून खोटं बोलले. तू भलतं बोललीस तर अप्पाला नोकरी सोडून यावं लागेल, तुजपायी. मग पुढे तुझं लग्न कोण करील?"

पोरीला बोलता येत नाही, पण समजतं सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती. मॅडम कौतुकाने बघत होत्या. त्या मला तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमची भाषा ऐकायला किती छान वाटते हो टीचर."

मग वेंकूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काही चोरून नाही, अगदी विश्वासाने. आणि पोरीला म्हणाल्या, "आणि ही टीचर कोण, ठाऊक आहे ना? त्याची सख्खी मावशी. तीही आपलीच. ती काही बोलायची नाही."

अक्का, त्या खोलीत मराठी येणारी माणसं आम्ही तिघीच. एकीला बोलायचं नव्हतं, एकीला बोलता येत नव्हतं. तिच्या घरच्यांनाही ते झाकायचं होतं आणि आपल्या घरालाही ते झाकलेलंच हवं होतं. मी नुसती कॉफी मागवली असती तरी सगळं तिथेच संपलं असतं.

मी मॅडमना तमिळमध्ये सांगितलं, ह्या काय बोलल्या ते लिहून घ्या. आणि एकेक वाक्य सांगत गेले. वेंकूबाईंचे हात वेणीत तसेच थांबले. शेवटचं वाक्य गाळता आलं असतं. मी क्षणभर थांबलेही. मग तेही सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही त्याच्या मावशी?" मी हो म्हटलं. त्यांनी वेंकूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, मलाही. आम्ही दोघी व्हरांड्यात एकाच बाकावर बसलो. त्या एवढंच म्हणाल्या, "तू आपली नव्हेस." आत पोरगी बोलत होती, दार बंद होतं.

या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पोलिसांनी सुरेंद्रला क्लासमधून नेलं. तो इथल्या जेलमध्ये आहे. मी भेटायला गेले होते, टॉवेल, साबण आणि दोन शर्ट घेऊन. अंगावर माराची खूण दिसली नाही, तेवढं तुला सांगते. त्याने सामान घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली. "आईला कळवू नकोस," एवढंच म्हणाला. म्हणून तुझ्या पत्राच्या उत्तराला आठवडा गेला. तुझ्याकडे दोनदा फोन वाजला आणि कोणी बोललं नाही ना? ती मीच. तुझा आवाज ऐकून मला पुढे बोलवेना.

अखिलाची आई मस्कतहून आली आणि तिला पापनाशमला आपल्या माहेरी घेऊन गेली. बाप राजगोपालही आला. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात माझ्यावर ओरडला. दुसऱ्या दिवशी येऊन समोर बसला आणि म्हणाला, टीचर, हे इथेच थांबवता येईल का? मला त्याचा राग आला नाही. त्याच्या चेहऱ्यावर नुसता थकवा होता, माझ्यासारखाच. सरोजा मॅडम सांगतात की नुसत्या मुलीच्या बोलण्यावर केस टिकणं अवघड आहे. सूचना पुष्कळ आहेत, पण कायद्यात अशा लहान मुलांसाठी वेगळं काही नाही, कोर्टात तिला मोठ्यांसारखंच उलटसुलट विचारतील. आजी तिला काय पढवत होती याची साक्ष मी दिली तर थोडा जोर येईल. मी देणार आहे.

इथे आपल्या लोकांनी मला टाकल्यासारखंच आहे. नवरात्राच्या हळदीकुंकवाची बोलावणी फिरली, माझं दार वगळून. शाळेतून घरी येते, स्वयंपाक करते, कधी करत नाही. रात्र कशीबशी जाते. अक्का, मी फार दमले आहे गं.

पापनाशमला जाण्याआधी अखिला दाखला घ्यायला आईबरोबर आली होती. आई सही करत होती तेव्हा ती माझ्या टेबलाजवळ आली आणि हळूच तमिळमध्ये विचारलं, "टीचर, पाट्टीलापण पोलीस नेणार का?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, "मग मी खरं सांगितलं तर चालेल?" म्हणजे एवढं सगळं होऊनही ती ते विचारतच होती. मी चालेल म्हटलं. तिला शब्द दिला आहे.

तू आता इथे येशील. ये. माझ्याकडेच उतर, दुसरीकडे जायचं नाही. वकील कर. तो तुझा मुलगा आहे, तुला करायलाच हवं, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. डबा मीच करून देईन त्याचा. फक्त माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल असं कोर्टात म्हण, हे मला सांगू नकोस. सांगितलंस तर मी नाही म्हणेन, आणि मग तू माझ्याशी बोलणार नाहीस, आणि मला तू एकटीच उरली आहेस.

वकील हे पत्र मागेल. देऊन टाक. म्हणून खाली पूर्ण नाव घालते आहे. आजवर तुला लिहिताना ते कधी घातलं नव्हतं.

तुझीच
वेणी

म्हणजे कृष्णवेणी सीतारामराव, मुख्याध्यापिका.
वेंकूबाई जे बोलल्या ते मी ऐकलं, आणि मीच सांगितलं.