भिंतीकडे तोंड करून निवडलेलं पॅड

आबा, गेल्या महिन्यात मी तुमच्यासारखंच केलं. दुकानात भिंतीकडे तोंड करून बसले आणि दुकानदाराला म्हणाले, आता दोन्ही वाजव, कुठलं कुठलं ते सांगू नको. एम.जी. रोडचं काचेचं दुकान, आत एसी. ढोलकी घ्यायला नव्हते गेले, ढोलकी आता उचलतंय कोण. माझ्या नातीला, म्हणजे तुमच्या पणतीला, पॅड घ्यायचं होतं. विजेवरचं असतं ते. भाकरीच्या तव्याएवढं, वर काळं रबर, आणि रबराचे कलिंगडाच्या फोडींसारखे भाग पाडलेले. एका फोडीवर बोटं मारली की ढोलकीची शाई वाजते, दुसरीवर डाव्या अंगाचा धुमा, तिसरीवर डफ. बटण दाबलं की त्याच फोडींचा तबला होतो. ना चामडं, ना दोऱ्या, ना पावसाळ्यात सैल पडलेली कातड्याची पुडी चुलीपुढे शेकणं. नात कॉलेजात आहे. पाच-सहा पोरींची त्यांची गायन पार्टी आहे, त्याला त्या ग्रुप म्हणतात. विहारात गातात, जयंतीला गातात. वाजवायला ही बसते. आजीला आवाजातलं कळतं म्हणून मला रिक्षात घालून घेऊन गेली.

दुकानदार केस पिकलेला, पण बोलायला गोड. म्हणाला, "आजी, लाइटा तरी बघा, काय भारी दिसतात." मी म्हणाले, "लाइट ऐकू येते का तुला? मला नाय येत." नात माझा पदर ओढून म्हणाली, "आजी, हळू बोल गं." त्याने पहिलं वाजवलं. दहा थापा मारल्या, दहाही तंतोतंत सारख्या. माणसाचा हात दहा वेळा सारखा पडतो का? मी म्हणाले, "हे वाजवणं नाय, हे टायपिंग झालं. दुसरं घे." दुसऱ्याचा धुमा मात्र पोटातून आला. तळहाताची टाच वर दाबली की आवाज खाली बसायचा, दाब सोडला की वर उठायचा. तो घुमारा ऐकला आणि मी म्हणाले, हेच. "वळून बघा तरी कुठलं ते," तो म्हणाला. "बघायचंय काय? पोरगी पसंत करायला आलेय का?" तो हसला आणि त्याने ते माझ्याच मांडीवर ठेवलं. "बसा, वाजवून बघा." मी सवयीने उजवं बोट कडेला मारलं, चाट काढायला. काही वाजलं नाही. "कडेला काही नसतं आजी, मधे मारा." कडेलाच तर सगळं असतं, असं म्हणणार होते, पण तेवढ्यात डावा हात आपोआप जागेवर गेला.

तो हात तुम्ही शिकवलेला नाही. ऐकून ऐकून, तुम्ही मालधक्क्यावर हमालीला गेल्यावर, पीठ चाळून झालं की चाळणी उलटी करून शिकले. पुढे तुमच्या खांद्यावर मालाची पेटी पडली आणि डॉक्टर म्हणाला, हा हात आता वर जायचा नाही. तेव्हा तुमच्या गायन पार्टीत ढोलकीवर तुमच्या जागी कोण बसणार, हा प्रश्न आला. दादा सोळाचा, मी तेराची. तुमचा एक नेम होता. बाजारात ढोलकी घ्यायची तर वाजवणाऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि नुसतं ऐकायचं. कातडं किती गोरं, लाकडावर रंग कसा, ते बघायचंच नाही. वाजवणाराही तसाच निवडायचा म्हणालात. पार्टीचे गाणारे काका आले, पेटीवाले आले. तुम्ही चाळीतल्या त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलात. दादा बसला, वाजवलं. आई स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून मला ढकलते आणि म्हणते, जा गं, तू पण बस, बघतंय कोण. मी बसते. मला आठवतं, तुमची मान हळूहळू एका बाजूला कलते. मी थांबते तशी तुम्ही भिंतीलाच सांगता, "दुसरा. याला बसवा. डावा हात ऐकला का त्याचा?" पेटीवाले हसून म्हणतात, "आबा, ही तर तुमची पोरगी."

तुम्ही वळलात. माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. मग म्हणालात, "तू परत वाजव रे." या वेळी मात्र भिंतीकडे वळला नाहीत. त्याच्याकडे बघत बसलात, तो चुकला तिथेही मान डोलवलीत. "होईल, बसून बसून होईल," असं काकांना सांगितलंत. आणि मला म्हणालात, "चहा टाक." मी तिथेच उभी राहिले म्हणून आईला ऐकवलंत, "हिला टेम्पोत बसवून विंचूर-चांदवड फिरवू काय मी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." मी चहा टाकला. पाच कप. काकांनी घोट घेऊन साखर जास्त झाली म्हटलं, तेही आठवतं.

तुमची पार्टी काय गायची आबा? पोरींना शिकवा. बाई माणूस आहे, तिला मान द्या. तुम्ही त्या कडव्याला थाप वाढवायचात, लोक उठून टाळ्या द्यायचे. मला चौथीतून काढलं तेव्हाही तुम्ही त्याच कडव्याला वाजवत होतात. दादा चार वर्षं बसला, मग म्हणाला मला कंटाळा येतो. ढोलकी खुंटीला लागली. माझं तोवर लग्न झालं होतं. सासरी मी बादलीवर वाजवलं, पिठाच्या डब्यावर वाजवलं, रडणाऱ्या पोरांच्या पाठीवर वाजवलं. माणूस येईल-जाईल त्याला मी सांगत आले की आमच्या बापाने कानाने मला निवडलं आणि डोळ्याने टाकलं. सुनांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं. नातीला तर इतक्यांदा सांगितलं की ती माझ्याआधी वाक्य पुरं करते.

म्हणून तिने ठरवलं. पॅड घरी आल्यावर पोरी संध्याकाळी आमच्याकडे जमायला लागल्या. ओट्याखाली पाट टाकून मी बसायची, पॅड पुढ्यात, स्पीकर डब्यांच्या फळीवर. नात म्हणाली, "आजी, या वेळी विहारात तूच बस. मी कोरसला उभी राहीन." दुसरी एक म्हणाली, "आजी बसली तर आम्हाला कोण बघणार?" मी म्हणाले, "तुम्हाला आत्ता तरी कोण बघतंय." हसल्या सगळ्या. दहा दिवस वाजवलं. बटणं नात दाबायची, हात माझे. डाव्या हाताची टाच दाबली की डब्यांची झाकणं थरथरायची. पांढरं लुगडं इस्त्री करून ठेवलं होतं मी, स्वतः जाऊन करून आणलं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी विहारात जाऊन आले. सतरंज्या टाकत होते. वाजवणाऱ्याची जागा पुढेच, उजव्या अंगाला. आपल्या जुन्या चाळीतले तीन म्हातारे खुर्च्या धरून आधीच बसलेले. त्यातला एक मला म्हणाला, "तू आबांची ना? आज ऐकतो मग तुला." मी घरी आले आणि नातीला म्हणाले, माझी बोटं दुखतायत, हात वळत नाही. तिने बाम आणला, माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळत बसली. म्हणाली, "असू दे आजी, मीच तुला दहा दिवस ताणलं." संध्याकाळी तीच बसली. उजवा हात बरा आहे तिचा, डावा कच्चा. टाच दाबायची विसरते. लोकांनी टाळ्या दिल्या. मी बायकांत बसून हात पदराखाली धरला होता. शेजारीण म्हणाली, तुम्ही बसणार होत्या ना? मी म्हणाले, "हात."

ऐका आता. लोक काय म्हणतील याची मला भीती नव्हती. लोकांना मी पुरून उरले. मला भीती होती तुमची. बसले असते आणि डावा हात एकदा जरी घसरला असता, तर तुम्ही त्या दिवशी दादाला बसवलंत ते बरोबर ठरलं असतं. बसलेच नाही तोवर मी दादापेक्षा चांगली आहे. इतकी वर्षं मी एवढ्यावरच जगले. आणि म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. तेरा वर्षांची असताना बसवलं असतंत तर शंभर वेळा घसरले असते आणि शंभर वेळा सावरले असते, सत्तरीला त्याची भीती राहिली नसती. तो दोष तुमच्याकडेच.

हे नातीच्या जुन्या वहीत पेन्सिलीने लिहितेय, चौथीच्या अक्षरात, दोन दिवस लागले. पान फाडून फळीवरच्या कागदाखाली सारेन. घरात तो कागद माझ्याशिवाय कोणी बदलत नाही. हात दुखत नव्हता, आबा, अजूनही दुखत नाही. नातीला हे सांगितलेलं नाही. ती रोज कॉलेजातून आली की बाम घेऊन शेजारी बसते, आणि मी हात पुढे करते.