तापलेला बल्ब

आई,

आज मी स्टुलावर चढले आणि मला खाली उतरता येईना. आपली चाळ पाडली, आता तिथे टॉवर उठतोय, आणि तो होईपर्यंत आम्ही माहीमला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतोय. या घरात स्वयंपाकघराच्या छतात छोटे छोटे हॅलोजन बसवलेत, वाटीएवढे. त्यातला एक सकाळी भाजी फोडणीला टाकताना गेला. दादरच्या दुकानदाराकडून मी मागे एक जादा आणून ठेवला होता. तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘आजी, हे आता कोण घेतं? आणि जुना काढायच्या आधी जरा थांबा, भयंकर तापतो हा. नव्याच्या काचेलाही नुसतं बोट लावू नका, फडक्यानं धरा.’’ मी सगळं लक्षात ठेवलं होतं. तरी वर चढल्यावर हात आपोआप पुढे गेला आणि बोटांना चटका बसला. तेवढंच झालं, पण कपाटाची कड धरून मी तिथेच उभी राहिले. खाली बघवेना, वर बघवेना. लेक बाजारातून आली तेव्हा मी तशीच उभी. ‘‘आई, वर काय करतेयस तू? पडलीस म्हणजे?’’ तिने मला कमरेला धरून उतरवलं, चहा दिला आणि नवा बल्ब स्वतःच लावला. एवढी का थरथरतेस, म्हणाली. मी म्हटलं, चक्कर आली. ती आत गेल्यावर हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. गावची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. हे मात्र कुणाकडून वाचून घेणार तू?

लालबागच्या आपल्या खोलीत मला अजून डोळे मिटून फिरता येतं. दाराजवळ मोरी, मोरीला लागून तुझी चूल, समोर लोखंडी खाट, खाटेखाली पत्र्याची ट्रंक. रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी, तिचं एक दार बिजागरीतून निखळलेलं, ते घरमालकाने कधी बसवून दिलं नाही. आणि मधोमध वायरीला लोंबणारा एकच बल्ब. त्याचं भिंतीवरचं बटण केव्हाच बिघडलं होतं. वर करा, खाली करा, दिवा आपला चालूच. बाबांनी मालकाच्या माणसाला किती वेळा सांगितलं, तो दर वेळी ‘बघतो’ म्हणून जायचा. मग तूच उपाय काढलास. दिवा मालवायचा म्हणजे ट्रंक ओढायची, तिच्यावर चढायचं, पदराचा बोळा करून बल्ब धरायचा, वर दाबून फिरवायचा आणि काढून ठेवायचा. तू ठेंगणी, टाचा उचलल्याशिवाय तुझा हात पोचत नसे. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की सगळ्यांच्या घरी दिवा असाच मालवतात असं मला वाटायचं.

तो दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतला. गिरण्या बंद होत्या. तू वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणारी, बाबा साच्यावर कापड विणणारे, दोघंही घरी असायला हवी होतीत, पण बाबा सकाळीच चाळीतल्या चारचौघांबरोबर मोर्चाला गेले. जाताना तू त्यांच्या हातात भाकरीचा रुमाल दिलास. दुपारपर्यंत रस्त्यावरून घोषणा ऐकू येत होत्या, ‘‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’’ मीही खाटेवर उड्या मारत तेच ओरडत होते. मग घोषणा थांबल्या आणि पळणाऱ्या पायांचा आवाज आला, चपलांचा, अनवाणी, शेकडो. त्यामागून धूर आला. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग. तू माठातल्या पाण्यात पदर बुडवून माझा चेहरा पुसलास, मग तुझा. पदर चिंब झाला. आणि तेव्हाच पहिला बार ऐकला. मला वाटलं फटाका. तुला कळलं होतं. तू मला ओढून भिंतीला टेकवलंस.

अंधार पडला तसा रस्ता रिकामा झाला, पण बंदुका घेतलेले पोलीस गेले नव्हते. समोरच्या चाळीतून कुणीतरी दगड टाकला असावा. एक गोळी आपल्या मजल्याच्या भिंतीवर लागली आणि चुन्याचा ढलपा गॅलरीत पडला. शेजारच्या काकी भिंतीपलीकडून ओरडल्या, ‘‘वहिनी, दिवा! अहो, दिवा मालवा आधी!’’ तेव्हा आपल्या ध्यानात आलं. एकेक करत सगळी चाळ अंधारात गेली होती. समोरची गेली होती, बाजूची गेली होती. सगळ्या रस्त्यावर उजेड होता तो फक्त आपल्या खिडकीत, त्या निखळलेल्या दारातून थेट बाहेर पडणारा. मेन स्विच खाली जिन्याखालच्या कुलूपबंद पेटीत. खालून कुणीतरी हिंदीत खेकसलं, शब्द कळले नाहीत, पण ते आपल्यालाच उद्देशून होतं एवढं मला कळलं.

तू ट्रंक बाहेर ओढलीस. ‘‘खाटीखाली जा,’’ म्हणालीस. ‘‘मी सांगीपर्यंत भायर येव नको.’’ ट्रंक काढल्याने खाटेखाली जागा झाली होती, त्या जागेत मी पोटावर पडले. तिथून मला ट्रंकेचा पत्रा दिसतो आहे आणि त्यावर चढणारे तुझे पाय. पत्रा ‘डब्ब’ करून दबतो. तू एकदम थबकतेस. मग टाचा उचलतेस. समोरच्या भिंतीवर तुझी सावली पडली आहे, अवाढव्य, आणि खाली रस्त्यावरही ती पडली असणार. खिडकीतल्या उजेडात एक बाई हात वर करून उभी आहे, हातात काय आहे ते खालच्याला कसं कळणार? मी श्वास धरून ठेवते. सावलीत दिसतं, तू पदर हातात घेतेस आणि सोडून देतेस. ओला पदर, आणि कोरडं फडकं शोधायला उतरायला वेळ नाही. आदल्याच महिन्यात ओल्या फडक्याने तापलेला बल्ब पुसायला गेलीस आणि तो हातातच तडकला होता, ‘फट्’ करून, केवढी दचकली होतीस. तसाच आवाज आता झाला तर? खालच्यांनी तो कशाचा समजला असता?

म्हणून तू उघड्या हाताने बल्ब धरलास.

मला तुझा चेहरा दिसत नव्हता. फक्त नाकातून निघालेला एक आवाज ऐकला, लहानसा, भांडं घासताना नख मोडल्यावर निघतो तसा. पायांची बोटं पत्र्यावर आवळली. बल्ब पहिल्यांदा फिरलाच नाही. तू पुन्हा वर दाबलास. आणि अंधार झाला. मी वाट पाहत होते तो पडून फुटायची. तो पडला नाही. तू तो तसाच मुठीत धरून, चाचपडत, ट्रंकेवरून खाली उतरलीस, खाटेवरच्या गोधडीत नीट ठेवलास आणि मग खाटेखाली माझ्याजवळ येऊन पडलीस. तुझे दात एकमेकांवर वाजत होते. ‘‘तुझो बापूस येतलो,’’ तू म्हणालीस. ‘‘तो शहाणो आसा. खंयतरी थांबलो असतलो.’’ हे तू मला सांगत होतीस की स्वतःला, तेव्हा मला प्रश्न पडला नाही. रस्त्यावरून बूट गेले. परत आले. जिन्यावर चढतील असं वाटायचं, प्रत्येक वेळी तुझा हात माझ्या तोंडावर यायचा. त्या हाताला जळल्याचा वास होता.

बाबा सकाळी आले. कुणाच्या तरी वखारीत लपून राहिले होते, कपाळावर खोक, सदरा फाटलेला. दारात उभे राहिले आणि आत यायचं विसरले. तू त्यांना बघून रडली नाहीस, पाणी दिलंस. मग त्यांनी तुझा तळवा पाहिला, फोडांनी भरलेला. ‘‘हाताक काय झाला?’’ ‘‘तव्यार भाजलो.’’ मी गेल्यावर तवा पुन्हा कधी ठेवलास असं त्यांनी विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता, कारण तेवढ्यात तळमजल्यावरून रडणं ऐकू आलं. तिथल्या मावशींचा थोरला मुलगा गोळी लागून गेला होता. नळावर राहिलेली बादली आणायला बाहेर पडला होता, एवढंच. मोर्चालाही गेला नव्हता तो. तू भाजलेल्या हाताने दार लोटून खाली गेलीस आणि दिवसभर मावशींना धरून बसलीस.

पुढे राज्य झालं. चाळीत पेढे वाटले, गॅलरीत पणत्या लावल्या. मावशींच्या दारात मात्र तूच एक पणती नेऊन ठेवलीस आणि परत आलीस. बटण नंतर बाबांनी स्वतःच बदललं. पण फटाके वाजले की तू कामाच्या निमित्ताने मोरीत जाऊन उभी राहायचीस, तोवर खोलीत आलेला नळ सोडून. मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं, ‘‘आई, त्या दिवशी तू भियालंस?’’ तू तांदूळ निवडत होतीस. ‘‘माका कसली भीती?’’ म्हणालीस आणि सूप जोरात पाखडलंस. बाबाही लोकांना अभिमानाने सांगायचे, आमच्या घरात ही कुणाला भीत नाही. तू गेलीस तेव्हा सगळे हेच बोलत होते. मीही मान हलवली.

पण मी खाटेखाली होते, आई. तू ट्रंकेवर टाचा उचलून उभी असताना तुझ्या पायांवरून पाणी ओघळलं. पत्र्यावरून जमिनीवर आलं, माझ्या कोपराला लागलं. ते गरम होतं. पहाटे तू जमीन पुसत होतीस. मला जागी झालेली पाहिलंस आणि म्हणालीस, ‘‘कळशी लवंडली गो.’’ मी ‘हो’ म्हटलं. कळशी मोरीत होती, काठोकाठ भरलेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही.