पेटीपुढचं गाऱ्हाणं

ती. भाऊंच्या चरणी मुलुंडहून गुणाजीचा साष्टांग दंडवत.

तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तांबडी गाय, तिघांच्याही प्रकृतीला उतार असेल असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल, माझा डावा कान सोडून (तो अजून उजव्याच्या दीडपट आहे). फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, म्हणून पत्र. विनंती एवढीच की, दिवाळीत दिलेल्या सातेरी मधमाश्यांच्या दोन्ही पेट्या तुम्ही येऊन परत घेऊन जाव्यात. का, ते सांगतो.

तुमच्या बहिणीने, म्हणजे आमच्या विमलाने, त्या पेट्या सोसायटीच्या गच्चीवर मांडल्या तेव्हा मी हसलो होतो. जिथे माणसाला जागा नाही तिथे माशीला कोण देणार? पण तिने सोसायटीतल्याच वसुधा, द्रौपदी आणि दिपाली यांना घेऊन गट केला, चौघी रीतसर शिकून आल्या, आणि सेक्रेटरी रामनाथच्या मागे लागून त्यांनी बागेतली औषधफवारणी बंद करवली. (रामनाथ माणूस वाईट नाही, नियम वाचल्याशिवाय त्याला झोप येत नाही, एवढंच.) भाऊ, आमच्या कंपाउंडात शेवग्याची झाडं आहेत. दरवर्षी फुलायची आणि फुलं तशीच गळायची, आम्ही झाडूवाल्याला हाक मारायचो. यंदा शेंगा लागल्या. झाडाकडे येणाऱ्या पाहुण्यांना आपणच विष घालून हाकललं होतं, हे कोकणातल्या माणसाला मुलुंडच्या गच्चीवर कळावं, याची मला लाज वाटली. त्यात दिपालीचं मरोळच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम सुटलेलं. तिचं घर या मधाकडे डोळे लावून बसलं आहे.

तर पहिला मध काढायचा दिवस ठरला. पहिलं पीक आणि गाऱ्हाणं नाही, हे आपल्यात शोभतं का, तुम्हीच सांगा. विमला म्हणाली, "घालूचा तर पेटी उघडूच्या आधी घाला. आणि थोडक्यात." थोडक्यात गाऱ्हाणं म्हणजे बिनमिठाचं सार. जमलेल्यांना मी समजावलं की, मी मोठ्याने देवाला साकडं घालणार आणि दर वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. गावच्या देवळात गाऱ्हाणं तुम्ही घालता, मी मागे उभा राहून होकार देतो. निवृत्त झाल्यापासून घरातही माझं काम तेवढंच उरलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच माणसं हात जोडून माझ्यापुढे उभी होती, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

गावच्या बारा-पाचाच्या देवांपासून निघून मी सोसायटीपर्यंत पोचलो, तोवर वाट बघून बघून विमलाने झाकण काढलं होतं. मी आपला रंगात. "टाकी वेळेर भरां दे, लिफ्ट मदीच अडकाक नको, आणि ह्या मधाक कोण आडवो येयत तर तेका सरळ कर रे म्हाराजा!" आणि अख्ख्या मंडळींनी उघड्या पेटीवर वाकून, पोटातून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

माशीला माणसाचा उच्छ्वास खपत नाही. पेटीजवळ तोंड मिटून राहायचं, हे विमला मला पहिल्यापासून सांगत होती. (मला वाटायचं, हा नियम फक्त माझ्यापुरता आहे.) सगळ्यांचा होकार एकदम आत गेला आणि आतली वस्ती बाहेर आली. रामनाथ सर्वांत पुढे होता, कारण त्याला पोळं बघायचं होतं; 'आडवो येयत' म्हणताना माझा हात त्याच्याकडे वळला, हा निव्वळ योगायोग. त्याचं नाक सुजलं, माझा कान. गच्ची रिकामी झाली. विमलाने तोंडावरची जाळी सारखी करून, एकटीने, शांतपणे झाकण लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कानापेक्षा ते जास्त लागलं.

आता रविवारी सोसायटीची सभा आहे, विषय एकच, पेट्या ठेवायच्या की काढायच्या. कोणी रागाच्या भरात त्यांच्यावर औषध मारण्यापेक्षा त्या तुमच्या अंगणात बऱ्या. बोललो मी आणि भोगणार त्या चौघी, हे मला बघवत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, गायीच्या पाठीवरून हात.

आपला,
गुणाजी

ता. क. पत्र खिशातच राहिलं आणि सभा होऊन गेली. दिपाली उभी राहून म्हणाली, "पेट्यांनी काय केलं? बोलले ते काका ना." मग रामनाथने सुजल्या नाकाने ठराव मांडला की, पेट्या गच्चीवर राहतील आणि गुणाजी गच्चीखाली. एकमताने मंजूर (विमलाचा हात सर्वांत आधी वर). मधही निघाला, कोणी काही न बोलता. तेव्हा पेट्या नेऊ नका. उलट एक रिकामी घेऊन या, माश्या वाढल्या आहेत.

ता. क. दुसरा. खरं विचारायचं ते राहिलंच. हल्ली त्या चौघी पेटीपाशी गेल्या की मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराआड बसून हळू आवाजात गाऱ्हाणं घालतो. पण होकार भरायला कोणी नसतं. होकाराशिवाय गाऱ्हाणं पोचतं का, हे देवळात विचारून कळवा. चेष्टा करू नका.

भाऊ, मी विमला. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. देवळात विचारू नकोस, पोचतं. मी पेटीजवळ जाळीत उभी असते आणि त्यांच्या दर वाक्याला तोंड मिटून 'व्हय म्हाराजा' म्हणते. त्यांना मात्र कळवू नकोस, लगेच लांबवतील.