निंबाखालची पांढरी गाडी

२ मार्च, आर्णी
गाडीवर पिवळे ठिपके. बॉनेटवर, टपावर, काचेवर, मोहरीएवढे. दसऱ्याला घेतलेली पांढरी गाडी, अजून सीटचं प्लास्टिकही काढलं नाही! व्हिडिओ पाहिला. याला पोलन म्हणतात. झाडं फुलली की पराग उडतात आणि गाडीचा पेंट खातात. अंगणातला निंब फुलावर आलाय. शत्रू सापडला. उद्यापासून रोज शॅम्पू वॉश. २२ तारखेला प्रेरणाचं साक्षगंध, अंगठ्या घालायचा कार्यक्रम, इथंच अंगणात आहे. दिग्रसचे पाहुणे फाटकातून आत आले की पोरीआधी गाडी दिसली पाहिजे.

३ मार्च
वॉश केला. चकाचक. चहा पिऊन बाहेर आलो तर पुन्हा ठिपके. उद्या वॅक्स.

५ मार्च
वॅक्स केलं. आता ठिपके वॅक्सला चिकटतात. कौसल्या म्हणे, झाडाखाली कायले लावता, तिकडे लावा ना. तिकडे म्हणजे उन्हात! चाळीस वर्षांचा संसार झाला, पण या बाईला पेंटमधलं काही कळत नाही. आर्णीच्या उन्हात माणसाचा रंग उडतो, गाडीचं काय घेऊन बसलात.

८ मार्च
एक ठिपका बोटावर घेऊन चोळला. चिकट. वास घेतला. जिभेला लावून पाहिला. निदान पक्कं: परागाबरोबर झाडावर मावा कीडही पडलीय, हा तिचा चिकटा. अर्धा तालुका कपाशीचं पान घेऊन माझ्या कृषी केंद्रात येतो आणि मी काउंटरवरूनच रोग सांगतो. घरच्यांना मात्र किंमत नाही.

११ मार्च
दुपारी झाडातून घूंऽऽ असा आवाज. एकसारखा. कोपऱ्यावरच्या डीपीत काहीतरी बिघडलंय. लाइनमनला फोन केला. आला, फाटकातूनच झाडाकडे पाहिलं आणि हेल्मेटही न काढता गाडी वळवून निघून गेला. लोकांना कामच नको. मीच वर पाहिलं असतं, पण मानेला पट्टा आहे. मान वर करायची नाही, डॉक्टरची सक्त ताकीद.

१४ मार्च
शेजारचे धम्मरत्न सर आले. म्हणाले, घनश्यामभाऊ, वर आग्यामोहोळ बसलंय, सुपाएवढं. इथं मांडव टाकू नका, कार्यक्रम आमच्या हॉलमध्ये करा. लगेच कौसल्या आतून ओरडली, मी तं कवाची सांगून राह्यली, आयकते कोण! असेल मोहोळ. झाडावर मोहोळ नाही बसणार तर काय म्हैस बसणार? माझा प्रश्न ठिपक्यांचा आहे. हे लोक मुद्दा भरकटवतात. सरांची स्वतःची गाडी जुनाट आहे, कुठेही लावतात. पोटात दुखणारच.

१७ मार्च
ऑनलाइन कव्हर आलं. एक साइज लहान. अर्धी गाडी झाकते, मागचा भाग उघडा. संध्याकाळी कव्हर झटकलं तर वर सळसळ झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली. वारा अजिबात नव्हता. कुत्रं ओट्याखाली जाऊन बसलं, भाकर दाखवली तरी निघेना. प्रेरणा म्हणे, बाबा, मले भेव वाटून राह्यलं, आपण सरांकडे करू ना. म्हटलं, येडी का तू? मी आहे ना.

२० मार्च
हल्ली साळुंक्या झाडावर बसत नाहीत. बरंच झालं, गाडीवर घाण करायच्या.

२१ मार्च
मांडव टाकून झाला. मांडववाल्यांनी हातोडीला चिंध्या गुंडाळून खुंट्या ठोकल्या. एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हते. शिस्त म्हणतात ती ही.

२२ मार्च, सकाळ
रात्रीतून पुन्हा सगळी गाडी पिवळी! आजच्या दिवशी! आता मुळावरच घाव. दुकानातून पेट्रोलवाला फवारणी पंप आणवला. औषध अजिबात नाही, साधं पाणी, तशी कौसल्यापुढे शपथ घेतली. मोहोळ वरच्या फांदीवर, आपण खालच्या धुणार. मान वर करायची गरज नाही, नोजल वर केला की झालं. पाहुणे बसस्टँडपर्यंत आले म्हणे. पाच मिनिटांचं काम.

२३ मार्च
पंपाला प्रेशर चांगलं आहे. जरा जास्तच.

काल पाहुणे फाटकातून आत येत होते तेव्हाच झाडातला आवाज बदलला. मी गाडीत शिरलो, काचा वर. मांडवात नुसता कल्लोळ. ऋतिकनं, म्हणजे होणाऱ्या जावयानं, त्याच्या आजीला उचललं आणि सरांच्या घराकडे धाव घेतली. बाकीचेही तिकडेच पळाले. प्रेरणा मात्र माझ्याकडे आली. काचेवर हात मारत होती. बाबा, उघडा. बाबा. मी उघडणारच होतो. पण दार उघडलं असतं तर माश्या आत आल्या असत्या, सीट नवीन आहेत, मानेला पट्टा, हात नीट पोचत नव्हता. तेवढ्यात धम्मरत्न सर अंगावर ब्लँकेट घेऊन आले आणि तिला त्यात गुंडाळून घेऊन गेले.

दवाखान्यात सगळ्यांना इंजेक्शनं. आजीला सलाइन. कोणी दगावलं नाही, देवाची कृपा. मला एकही माशी चावली नाही.

साक्षगंध काल संध्याकाळीच सरांच्या हॉलमध्ये झालं. प्रेरणाचा उजवा हात मनगटापर्यंत सुजलेला. अंगठी जाईना. ऋतिकनं दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

२५ मार्च
मोहोळ उडून गेलं. झाड रिकामं. सर म्हणाले, ते ठिपके म्हणजे माश्यांची विष्ठा. पराग खातात, तोच पिवळा पडतो खाली. म्हणजे परागच होता. माझं निदान अर्धं बरोबर होतं. जिभेला लावल्याचं सरांना सांगितलं नाही.

शेवटचा वॉश करायला घेतला. टप झाला, बॉनेट झालं. ड्रायव्हरच्या काचेवर पिवळ्या डागांत प्रेरणाचा तळहात उमटलाय. पाचही बोटं. फडकं ओलं केलं. ती ओट्यावर बसली होती, सुजलेला हात मांडीवर ठेवून. पाहत होती, मी पुसतो का.

बादली झाडाच्या आळ्यात ओतली. गाडी तशीच नेऊन उन्हात लावली.